डॉर्कसची पुस्तिका

माझी बायको डॉर्कस लँकेस्टरच्या तुरुंगात तापाने गेली. सरकारी चर्च न मानणाऱ्या, लहानथोर सगळ्यांना 'तू'च म्हणणाऱ्या आम्हा क्वेकर पंथीयांची बाजू मांडणारी पुस्तिका तिने छापली, एवढाच गुन्हा. सगळ्या प्रती शिपायांनी चौकात जाळल्या, घरातलीसुद्धा. तिचं एक अक्षरही माझ्याजवळ उरलं नाही.

मग कळलं, आमच्या गावच्या पाद्र्याने त्या पुस्तिकेवर टीकेचं जाडजूड पुस्तक छापलंय. ते मागायला मी त्याच्याच दारात गेलो.

"आधी टोपी काढ," तो म्हणाला.

"टोपी मी फक्त देवापुढे काढतो. तुझं पुस्तक दे."

"मला अरे-तुरे! बायको गेली तरी मस्ती जिरली नाही तुझी?" मग तो हसला. "पण घे बाबा, उशिरा का होईना, शहाणा झालास. तिचं एकेक वाक्य खोडून काढलंय मी."

"एकही सोडलं नाहीस?"

"छे! आधी तिचं वाक्य जसंच्या तसं, खाली माझं उत्तर."

तो खरंच बोलला होता. डॉर्कस पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत होती. त्याची उत्तरं मी अजून वाचलेली नाहीत.

पुढच्या आठवड्यात मी आणखी सहा प्रती मागायला गेलो, तेव्हा त्याने मला बसायला खुर्ची दिली.