जवळ येणाऱ्या की लांब जाणाऱ्या

“ह्या दोन आहेत का एकच?” बटणबाईंनी विचारलं आणि खुर्ची थोडी बाजूला घेतली.

संशोधक मुलगी पडद्याकडे वाकली. काळोखात उजेडाचे दोन पुंजके होते. एक वाकडा, एक चेपलेला, आणि मधे उजेडाचाच एक बारीक पट्टा ताणलेला.

“दोन आहेत. एकमेकींच्या ओढीनं आकार बिघडलेत.”

“म्हणजे जवळ येतायत?”

“येत असतील. किंवा एकदा जवळून जाऊन आता लांब चालल्या असतील.”

“त्यातलं नेमकं काय?”

“एका फोटोवरून नाही हो सांगता येत, बाई. ह्यांना हलायला कोट्यवधी वर्षं लागतात. आपल्या जन्मात त्या अशाच दिसणार.”

“मग मी दाबू काय?”

“अनियमित दाबा. आपल्याला फक्त आकार विचारलाय.”

शेजारच्या टेबलावरची जुनी टायपिस्ट हसली. “दाबा की. दुसऱ्याच्या घरात किती वाकून बघाल?”

वेधशाळेच्या तळघरातल्या त्या खोलीत चार-पाच जणी दिवसभर दीर्घिकांचे फोटो वेगळे करत. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं एकेक गाव, एवढं त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मधल्या गोळ्याभोवती गुंडाळलेले हात दिसले तर सर्पिल, अंड्यासारखी गुळगुळीत असली तर लंबवर्तुळाकार, आणि कशातच बसत नसली तर अनियमित. बटणबाई आधी बटणांच्या कारखान्यात होत्या, त्यावरून हे नाव पडलं. तिथे तडा गेलेलं बटण डब्यात टाकलं की विषय संपायचा. इथे तसं नव्हतं. ताटली समोरून गोल दिसते आणि कडेनं धरली तर रेघ. सर्पिल दीर्घिकाही कडेनं दिसली की तिचे हात दिसतच नाहीत. “रेघ दिसली म्हणून रेघच आहे असं धरू नका,” असं साहेबांनी बजावलं होतं. बटणबाईंनी ते मनात घट्ट धरलं, आणि तेव्हापासून त्यांचा गोंधळ वाढलाच.

आजचा गोंधळ मात्र घरातून आला होता. बटणबाईंची लेक रविवारी सासरहून अचानक आली. थोडे दिवस राहते, म्हणाली. बॅग चांगली मोठी होती, थंडीचे कपडेही मावतील अशी. पण ती तिनं मोकळी केली नाही. दाराशीच ठेवली. हवं ते हात घालून काढायची आणि पुन्हा चेन लावायची.

विचारायची सोय नव्हती. मुलीच्या संसाराबद्दल आपण होऊन काही विचारायचं नाही, असा नेम बटणबाईंनी तिच्या लग्नाच्या दिवशी धरला होता, आणि घेतलेला नेम मोडायचा त्यांचा स्वभाव नव्हता. रोज सकाळी हात जोडल्यावर त्या मुलीसाठी काही ना काही मागत. रविवारपासून नुसत्याच उभ्या राहत होत्या. हिला परत जाऊ दे म्हणावं, तर तिथे तिच्या जिवाला काय घोर लागला असेल कोण जाणे. हिला इथेच राहू दे म्हणावं, तर ते मनातून हवंच होतं, आणि म्हणूनच मागायची भीती वाटत होती. नवरा गेल्यापासून त्या घरात दुसऱ्या कुणाचं खोकणंसुद्धा ऐकू आलं नव्हतं.

त्यात सकाळी जावयाचा फोन. “आई, संध्याकाळी येतो.” एवढंच. तिला न्यायला, का तिचं उरलेलं सामान टाकून जायला, ते काही तो बोलला नाही.

बटणबाईंनी अनियमित दाबलं. पुढचा फोटो आला. तो कसला होता, ते त्यांना आठवलं नाही.

संध्याकाळी जावई आला तो कागदी पिशवी घेऊन. आत मुलीचे बूट होते, टाचा नव्या बसवलेले.

“दुरुस्तीला टाकले होतेस ना. आज मिळाले.”

“बरे झालेत,” मुलगी बूट उलटेसुलटे करत म्हणाली. “नळ?”

“गळतोच आहे.”

“वॉशर बदल म्हटलं होतं.”

“बदलला. तरी गळतो.”

“उलटा बसवला असशील.”

“असेल. माझं काय सुलट असतं?”

दोघं हसल्यासारखी झाली, आणि मग दोघंही जमिनीकडे बघत बसली. बटणबाई चहाचे कप घेऊन दारातच थांबल्या. हे बूट तिनं त्याच्याबरोबर जावं म्हणून आणलेत, का इथेच वापर म्हणून? बुटांकडे कितीही बघितलं तरी ते बूटच होते.

जावई हात धुवायला आत गेला तेव्हा त्यांना राहवलं नाही. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “अगं, तू जाणार आहेस का राहणार आहेस?”

मुलगी रागावली नाही. “मला कळलं असतं तर मी बॅग मोकळी केली नसती का, आई?”

“त्याचं काय म्हणणं?”

“त्यालाही कळत नाही. आम्ही दोघं सारखेच ढ.”

“मग मी काय करू?”

मुलीनं बूट खाली ठेवले. “काही नको करूस. त्याला जेवायला थांबव.”

पण बाहेर येताच तो म्हणाला, “निघतो, आई.” त्या “बसा ना, जेवून जा” म्हणाल्या. तो नको नको म्हणत राहिला, पण उठेना. शेवटी मुलगीच उठली, नव्या टाचांचे बूट घातले आणि “कोपऱ्यापर्यंत जाते ह्याच्याबरोबर” म्हणाली. बॅग दाराशीच राहिली.

बटणबाईंनी टेबलावर तीन ताटल्या मांडल्या. एक उचलली, परत ठेवली. मग खिडकीशी गेल्या.

कोपऱ्यावर दोघं उभी होती. मधे आणखी एक माणूस मावेल एवढी जागा. पुढे सरकत नव्हती, मागेही नाही. इथून दोघांच्या पाठीच दिसत होत्या.

खिडकीची काच वाऱ्यानं थडथडली. मुलगी स्वेटर न घालताच गेली होती. तो बॅगेत असणार. बटणबाई दाराशी आल्या, चेनला हात लावला आणि काढून घेतला.

पुन्हा खिडकीशी येऊन त्यांनी हात जोडले. रविवारपासून पहिल्यांदा मागणं सुचलं. हा वारा थोडा वेळ पडू दे, त्यांचं बोलून होईपर्यंत.