धोंडूच्या नावावरची मरणं

धोंडू मेस्त्री मरायचा फार देखणा. नाकात कापूस, अंगावर गुलाल आणि चेहऱ्यावर अशी शांती, की नायिका रडता रडता वाक्य विसरायची. पोट न हलवता श्वास घ्यायची त्याची विद्या फिल्मसिटीत नावाजलेली. कुठल्या मालिकेत आजोबा गेले, सिनेमात सरपंच गेला, की जोगेश्वरीला फोन यायचा : धोंडूभाऊ, उद्या मोकळे आहात का मरायला?

शॉट झाला की त्याला उठवून कॅमेऱ्यासमोर हसवायचे. ही लाइनीतली जुनी रीत. पडद्यावर मेलेल्याने शेवटी हसलंच पाहिजे, नाहीतर अपशकुन. पण घरी रुक्मिणीचं तेवढ्यावर भागत नसे. तसाच कापूस नाकात ठेवून हसतानाचा फोटो तिला पाठवायचा. तो आला की मगच ती डाळीला फोडणी द्यायची. तिची आणखी एक अट होती. कलाकारांच्या यादीत 'प्रेत' या शब्दासमोर नवऱ्याचं नाव लिहायचं नाही. यमाच्या माणसांना वाचता येतं, म्हणायची, त्यांना आपण होऊन पत्ता कशाला द्या?

म्हणून युनिटवाले विचारत तेव्हा धोंडू दुसरंच नाव सांगे. पहिल्यांदा घाईत तोंडात आलं ते सांगितलं, पुढे तेच चालू राहिलं. कुठलं, ते त्याने घरी कधी सांगितलं नाही.

यंदा नवल घडलं. आरामनगरात ऑडिशनच्या रांगेत धोंडू कुणाला तरी रस्ता सांगत होता, तो आवाज कास्टिंगवाल्या श्रुतिकाच्या कानी पडला. वेब सिरीजमध्ये म्हाताऱ्या बापाचं काम, आणि चक्क संवाद. आजवर पडद्यावर धोंडूचं तोंड उघडं राहिलं असेल, पण त्याने आपणहून कधी उघडलं नव्हतं. श्रुतिका म्हणाली, सगळं झकास आहे, फक्त त्या सिनेमावाल्यांच्या वेबसाइटवरच्या तुमच्या पानाची लिंक संध्याकाळपर्यंत पाठवा. कुणी कुठे काय काम केलं ते तिथे असतं. ते बघितल्याशिवाय निर्माता हो म्हणत नाही.

मुलगी मानसी घरूनच ऑफिसचं काम करायची. तिने लॅपटॉपवर बापाचं नाव टाकलं. काही नाही.

"बाबा, तू इथे जन्मलाच नाहीस."

रुक्मिणी मोरीत आहे हे बघून धोंडू हळूच म्हणाला, काशीराम घाडी टाकून बघ.

पान उघडलं, हे लांबलचक. प्रेत. आजोबांचं प्रेत. बुडालेला इसम. प्रेत. मानसी बघतच राहिली. काशीराम घाडी म्हणजे गोवंडीचा तिचा सख्खा मामा.

"तू मामाला मारलंस?"

"मी कुठे? युनिटवाल्यांनी."

मानसीने वाट शोधली. बाबाचं नवं पान करायचं, सगळी कामं तिथे वळवायची आणि पुढे लिहायचं, 'काशीराम घाडी या नावाने'. फक्त तो माणूस हाच, याचा पुरावा हवा. सेटवरचे फोटो चालतील. फोटो होते, पण सगळेच्या सगळे रुक्मिणीच्या फोनमध्ये.

आणि रुक्मिणी पदराला हात पुसत दारातच उभी होती. ती चिडली की थेट मालवणात पोचायची.

"माझ्या सख्ख्या भावाक तिरडीवर घातलात? सगळ्या जगात तुमका दुसरा नाव गावला नाय?"

घाईत तेच आलं, धोंडू म्हणाला. खरं तर पहिल्यांदा ते नाव दिलं त्या सकाळी एका फणसावरून त्याचं काशीरामशी वाजलं होतं, पण ते आत्ता सांगण्याइतका तो जिवावर उदार नव्हता.

तिने लगेच गोवंडीला फोन लावला, स्पीकरवर. काशीरामने सगळं ऐकून घेतलं.

"तरीच, भावोजी. बरो असताना मधीच माका ताप येता कसो? डॉक्टरान रक्त तपासला, मूत तपासला. तुमचा शूटिंग कोण तपासतलो?" मग त्याने विचारलं, आपल्यावर रडलं कोण कोण. धोंडूने एका मोठ्या हिरॉइनचं नाव घेतलं.

"मिठी मारून?"

"मिठी मारून."

काशीरामने मोठा सुस्कारा टाकला. बाकीची मरणं खुशाल न्या म्हणाला, तेवढं एक आपल्या नावावर राहू दे.

उरली रुक्मिणी. फोन तिच्या मुठीत, आणि तो दिला की बाकीच्या प्रत्येक प्रेतासमोर धोंडू मेस्त्री लिहिलं जाणार, साऱ्या दुनियेला दिसेल असं, आणि तिच्या हिशेबाने दुनियेपलीकडच्यांनाही. ती एकेक फोटो सरकवत बसली. कापसातून हसणारा, चिखलातून हसणारा, अर्धा जळालेला हसणारा. तिच्या तोंडून आपसूक ओवी आली, कामाच्या नादात गुणगुणावी तशी :

मरणाच्या गावाहून, कंथ माझा आला घरा
पाय धुवा राया आधी, भात निवतो की जरा

मग तिने विचारलं, त्या कामात बोलायचं काय आहे?

धोंडू सांगू लागला. म्हातारा बाप खाटेवर पडलेला असतो. मुलाला जवळ बोलावतो, चार वाक्यं बोलतो.

"आणि?"

"आणि मरतो."

मानसीने लॅपटॉपच्या झाकणामागे तोंड लपवलं. रुक्मिणीने नवऱ्याकडे नीट पाहिलं, नाकापासून पायापर्यंत, आणि फोन मुलीपुढे सरकवला. नाव पुरं लिही म्हणाली, त्यांच्या वडलांच्या नावासकट. पत्ता द्यायचाच तर अर्धवट नको.

फोटो चढले, पान उघडलं, लिंक गेली. दिवेलागणीला श्रुतिकाचं उत्तर आलं, सोमवारी कपड्यांचं माप द्यायला या.

"चारच वाक्यं ना?" रुक्मिणी म्हणाली. "मग सावकाश बोला. प्रत्येक वाक्याला खोका. मधेच पाणी मागा. मुलाला म्हणावं, जरा उशी नीट कर."

"आणि डायरेक्टर ओरडला तर?"

"त्याला सांगा, घरून सांगितलंय."