उजवी पर्थ, डावी ब्रिस्बेन

एडमंटनला थंडी असते, हा शोध आमच्या चिरंजीवांना तिथे सहा हिवाळे काढल्यावर लागला. जाताना मी विचारलं होतं, की बाबा रे, जिथे नाकातलं पाणी गोठतं तिथे शहाण्या माणसाने का जावं? तेव्हा मला सांगण्यात आलं की तुम्हाला क्वालिटी ऑफ लाइफ कळत नाही. आता त्या क्वालिटी ऑफ लाइफला सर्दी झाली आणि आमचा अथर्व आणि त्याची बायको मिताली ऊन शोधत ऑस्ट्रेलियाला निघाले. ऊनच हवं होतं तर मे महिन्यात नवीन पनवेलला यायचं होतं. आमच्या गच्चीवर पापडाबरोबर पापड घालणारीही वाळते. पण इथल्या उन्हाला व्हिसा लागत नाही, मग त्याला किंमत कशी येणार?

कॅनडा सोडायचा यावर दोघांचं एकमत होतं. घोडं अडलं ते पुढे. अथर्वला ब्रिस्बेन हवं होतं आणि मितालीला पर्थ. पर्थला मितालीची सख्खी बहीण राहते आणि ब्रिस्बेनला अथर्वचा कॉलेजातला मित्र, एवढंच काय ते कारण. पण सुशिक्षित माणसं कारण सरळ सांगत नाहीत. ती दमटपणाची टक्केवारी सांगतात. दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल लागायचा आणि अथर्व पडद्यावर रंगीत तक्ते दाखवायचा. इथे पाऊस जास्त, तिथे वणवे जास्त, इथे शाळा चांगल्या, तिथे किनारे स्वच्छ. ज्या पोराला दहावीत महाराष्ट्राचा नकाशा धड भरता आला नाही, तो मला वाऱ्याच्या दिशा शिकवत होता.

मिताली हुशार. ती तक्त्यांच्या नादी लागायची नाही. ती फक्त म्हणायची, "आई, तुमच्या गुडघ्यांना कोरडी हवा बरी." आई म्हणजे माझी बायको, नीता. लगेच अथर्व म्हणायचा की आईचा जन्म कोकणातला, तिला दमट हवाच मानवेल. एका गुडघ्यावरून दोन शहरं भांडत होती. मूळ गोम अशी होती की मितालीला पूर्णवेळ नोकरी धरायची होती, नात तीन वर्षांची होती, आणि नीता तिकडे कायमची राहायला हवी होती. मलाही बोलावलं होतं म्हणा. भाजीवाला जुडीबरोबर कोथिंबिरीच्या दोन काड्या टाकतो, तसं.

मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की मी पनवेल सोडणार नाही. माझं पेन्शन इथे, माझे दात करणारा डॉक्टर इथे, आणि ज्यांना मी मूर्ख समजतो ती सगळी माणसंही इथेच. मी जाणार नाही म्हणजे नीता जाणार नाही हे उघड होतं. महिना-दीड महिना हौसेने जाईल, नातीला खेळवेल आणि परत येईल. हे मी तिला विचारलं नव्हतं. त्यात विचारण्यासारखं मला काही वाटलं नाही.

नीताने मात्र तयारी सुरू केली होती. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये ज्येष्ठांसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग निघाला, त्यात ती जाऊन बसली. मग स्वयंपाकघरात कुकरशी इंग्रजीत गप्पा चालायच्या. मी बाहेरून चुका काढायचो. सुती ड्रेस शिवून आले, आयुष्यभर साडी नेसलेली बाई आरशासमोर उभी राहून स्वतःला वळून वळून बघायला लागली. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी अंकुशराव एकदा चहाला आले होते. ज्या माणसाने खोपोलीच्या पलीकडे मुक्काम केलेला नाही, तो पर्थ की ब्रिस्बेन यावर अर्धा तास बोलला. मी त्यांना म्हटलं, कुठेही गेली तरी ही कांगारूंना अळूचं फदफदं खायला घालणार. अंकुशराव खो खो हसले. नीताही हसली असं मला वाटलं.

जानेवारीत प्रकरण चिघळलं. दोघांना व्हिसाची कागदपत्रं पुढे सरकवायची होती आणि त्यासाठी तिथलं एक राज्य निवडणं, म्हणजे पर्थ की ब्रिस्बेन ते ठरवणं, भाग होतं. एका रविवारी कॉलवर फक्त अथर्व आला. पुढच्या रविवारी फक्त मिताली. दोघं एकाच घरात वेगवेगळ्या खोल्यांत बसून आम्हाला एकमेकांबद्दल सांगत होती. तक्ते बंद झाले होते आणि त्यांच्या जागी रडणं सुरू झालं होतं. तेव्हा नीता म्हणाली की माझ्या माहेरच्या देवीला कौल लावू या.

नीताचं माहेर कर्नाळ्याच्या पायथ्याशी. तिथली गावदेवी कौलाला प्रसिद्ध आहे. देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली कळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाणी सुकलं की कळी पडते, हे शाळेतलं पोरही सांगेल. माझी खात्री होती की ही सूचना ऐकून आमची विज्ञाननिष्ठ जोडी तोंडावर हात ठेवून हसेल. कसलं काय! दोघांनी ताबडतोब मान्य केलं. संगणकावर पोट भरणारी माणसं, पण स्वतः निर्णय घेऊन दुसऱ्याची बोलणी खायची वेळ आली की यांना दगडही चालतो. मला तर दगडाची कीव आली.

त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही गाडीने निघालो. गोवा हायवे जसा वर्षानुवर्षं तयार होतो आहे तसाच त्या दिवशीही होत होता. वाटेत मी अंधश्रद्धेवर बरंच बोललो. नीता खिडकीबाहेर बघत होती. तिने नवा निळा ड्रेस घातला होता. देवळात जाताना हे काय, असं मी म्हटलं, तर ती म्हणाली की देवीला चालतं.

देवळाचा गुरव दयाराम आमची वाट बघत बसला होता. पूर्वी याचा बाप पंचा नेसून फुलं वाहायचा. विमानतळाच्या बाजूला जमिनी गेल्या तशी दयारामच्या गळ्यात बोटभर जाड साखळी आली आणि देवळाच्या पारापाशी पांढरी मोठी गाडी उभी राहिली. त्याला अकरा वाजता कुठल्याशा बांधकामावर खडी पोचवायची होती, म्हणून देवीने लवकर आटपावं अशी त्याची इच्छा दिसली. मी हे नीताच्या कानात सांगितलं. ती म्हणाली, "जरा गप्प बसाल का?" इतक्या शांतपणे म्हणाली की मी खरंच गप्प बसलो.

कॉल लावला. तिकडे आदल्या दिवशीची रात्र होती. बऱ्याच दिवसांनी दोघं एका चौकटीत दिसली, मध्ये एक उशी ठेवून बसलेली. फोन धरायचं काम माझ्याकडे आलं. गाभाऱ्यात शेंदराचा आणि तेलाचा वास होता, देवीच्या अंगावर पाणी चमकत होतं. दयारामने पांढऱ्या कळ्या भिजवून हातात घेतल्या आणि प्रश्न विचारला, काय मागायचं?

अथर्वने आधीच ठरवून ठेवलं होतं. तो तिकडून म्हणाला की उजवी पडली तर पर्थ, डावी पडली तर ब्रिस्बेन. मितालीला उजवी बाजू दिली म्हणजे आपण केवढा मोठेपणा केला, असा त्याचा चेहरा होता.

दयारामने कळ्या परत तांब्यात टाकल्या. "असा कौल नाय लागत," तो म्हणाला. "देवीला गावांची नावं नाय विचारायची. उजवी म्हंजे हो, डावी म्हंजे नाय. एकच सवाल, आनि ज्याचा सवाल हाय त्यानं हितं उभं राहायचं."

मग जे झालं ते बघून देवीलाही आपण दगड असल्याचं समाधान वाटलं असेल. अथर्व म्हणाला, ठीक आहे, ब्रिस्बेनला जायचं का असं विचारा. मिताली म्हणाली, ब्रिस्बेनच का, पर्थला जायचं का असं विचारा, माझं शहर नकाराच्या बाजूला का? अथर्व म्हणाला, मघाशी तुझं शहर उजवीकडेच होतं. मिताली म्हणाली, म्हणजे मघाशी उपकार केलेस. मधली उशी जमिनीवर गेली. दोघांच्या आवाजाने नात उठून आली आणि दारात उभी राहून रडायला लागली. तिच्याकडे दोघांनीही पाहिलं नाही, कारण दोघं सातासमुद्रापलीकडच्या दगडाला आपापली बाजू समजावून सांगत होती. आणि मी हातात फोन धरून मनातल्या मनात खूश होतो. एवढे दिवस मी जे म्हणत होतो ते सगळं खरं ठरत होतं.

नीताने माझ्या हातातून फोन घेतला. "पिल्लूला आधी उचला," ती म्हणाली. "पर्थ की ब्रिस्बेन ते तुमचं तुम्ही बघा. मी नंतर फोन करते." आणि तिने कॉल बंद केला.

मी गाडीची किल्ली काढली. झालं, संपलं, घरी जाऊन वरणभात खाऊ, असं माझ्या मनात आलं. नीता मात्र पदर नसलेल्या खांद्यावर ओढणी नीट करून देवीसमोर उभी राहिली आणि दयारामला म्हणाली की आता माझा लाव.

"तुमचा काय सवाल, ताय?"

"मी एकटीने जायचं का, ते विचार. यांच्याशिवाय. राहायला."

दयारामने एकदा माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरातलं भांडण त्याला नको होतं हे दिसत होतं, पण माहेरवाशिणीला नाही म्हणायची त्या गावाची रीत नाही. त्याने कळ्या लावल्या. मग बापासारखा आवाज काढून मोठ्याने म्हणाला, "आई, तुझी लेक उभी हाय. एकली जाऊ का म्हनते. काय ते दे."

मी हसून म्हटलं, "किती दिवसांसाठी?"

कळ्या दोन्ही खांद्यांवर घट्ट बसल्या होत्या. नीता हात जोडून, डोळे उघडे ठेवून उभी होती. मी तिच्याकडे नीट बघितलं आणि मला कळलं की ही बाई गंमत करत नाही. कुकरशी बोलत होती तेव्हाही नव्हती. मला एकदम भीती वाटली. संध्याकाळी दार उघडून मी आत आलो आणि घरात कुणीच नसलं तर मी कुणाला नावं ठेवणार? अंकुशराव किती मूर्ख आहेत हे मी कुणाला सांगणार? ती ऐकत होती म्हणून मी बोलत होतो. इतकी साधी गोष्ट मला त्या गाभाऱ्यात, त्या उकाड्यात समजली.

मी डाव्या कळीकडे बघायला लागलो. पड, म्हटलं. आयुष्यात देवाकडे काही मागितलं नाही, मागणाऱ्यांना हसलो, आता एवढी एक कळी पड. माझे हात कधी जोडले गेले ते मला कळलं नाही. दयारामने ते पाहिलं आणि घड्याळात बघायचं थांबवलं. डावी कळी किंचित सरकली. नक्की सरकली.

उजवी पडली. देवीच्या पायाशी पडून जराशी घरंगळली.

"उजवा दिला," दयाराम म्हणाला आणि घाईने नारळ फोडायला बाहेर गेला.

नीताने खाली वाकून कळी उचलली, डोळ्यांना लावली आणि रुमालात ठेवली. तिच्या चेहऱ्यावर विजय वगैरे काही नव्हता. मी म्हटलं, निदान मला आधी विचारायचं होतंस.

"तुम्ही काय म्हणाला असता ते मला पाठ आहे," ती म्हणाली. "कांगारू, अळू, या वयात. मी हसत नव्हते तेव्हा. सगळ्यांसमोर काय करणार म्हणून दात दाखवले." मग रुमालाची गाठ मारत म्हणाली, "तिथे पोर रडते तर कुणी बघत नाही. आणि इथे मी बोलते तर कुणी ऐकत नाही. त्यापेक्षा तिथे बरी."

मला खूप काही सुचत होतं. पाणी सुकतं, वजन असतं, कळी कुठे चिकटवली त्यावर असतं. गाडीत येताना हे सगळं मी तिला ऐकवलं होतं. शेवटी मी एवढंच विचारलं, की डावी पडली असती तर?

नीता उंबऱ्यावर बसून चपलेचा पट्टा लावत होती. तिने वर पाहिलंही नाही.

"तर पुन्हा लावला असता," ती म्हणाली.