दाराच्या आतल्या रेघा

मित्रांनो, माझ्या टेबलाच्या खणात एक पत्र आठ महिने पडून होते. निळ्या शाईतले, थरथरत्या अक्षरातले. ज्यांच्यासाठी ते आले होते त्यांनी त्याला उत्तर दिले नव्हते. त्यांना लिहिता येत नव्हते असे नाही. त्यांचा सारा जन्म पुस्तकांत गेला होता. उत्तर का राहिले ते मला ठाऊक आहे, कारण पत्र माझ्याचबद्दल होते.

मी एक जुना ट्रेलर आहे. मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचे, दोन चाकांवरचे पंधरा फुटी घर. १९५६ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एका लहान कारखान्यात मला बांधले. लाकडी बरगड्या, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा आणि आतून मधाच्या रंगाचे पातळ प्लायवूड. दोन शेगड्या, एक बर्फाची पेटी, खाली उतरवून पलंग करता येणारे टेबल, आणि दाराजवळ कपड्यांचे एक उंच कपाट.

मला विकत घेतले ते मिशिगनच्या उत्तरेला राहणाऱ्या डोरोथीबाईंनी आणि त्यांच्या यजमानांनी. त्यांचा मुलगा डेल तेव्हा चार वर्षांचा होता. दर उन्हाळ्यात आम्ही कुठल्या ना कुठल्या तळ्याकाठी जात असू. पोचल्याबरोबर पहिले काम ठरलेले. डोरोथीबाई कपाटाचे दार उघडत, डेलला दाराच्या आतल्या बाजूला पाठ लावून उभे करत, त्याच्या डोक्यावर एक पुस्तक आडवे धरत आणि पेन्सिलीने रेघ ओढून शेजारी साल लिहीत. डेल टाचा उचलून उभा राही आणि बाई त्याच्या पायावर हळूच चापट मारत. रेघा वर चढत गेल्या. मला वाटे, मीच वाढतो आहे.

पुढे डेल मोठा झाला आणि स्वतःच मला ओढून नेऊ लागला. मग माझे फिरणे कमी झाले आणि एका वर्षी मला घरामागच्या गोठ्यात नेऊन ठेवले ते तिथेच राहिलो. गोठ्याचे छप्पर गळके होते, माझ्या छताच्या सांध्यातून पाणी आत येई. माझ्या दोन बरगड्या भुसभुशीत झाल्या. कुणी विचारपूस करायला आले नाही म्हणून मी रागावलो नाही, पण पावसाचे थेंब मोजायची सवय मात्र लागली. २००५च्या जानेवारीत डेल वारला. मला ओढून नेणारे आता कुणी उरले नव्हते, म्हणून मे महिन्यात बाईंनी मला विकायला काढले.

मला घेतले मिशिगनमधल्याच नोव्हाय गावच्या शैलेंद्रने. हा मोटारींच्या कंपनीतला इंजिनिअर, मूळचा पुण्याचा. त्याच्याबरोबर त्याचे सासरे आले होते, भारतातून मुलीकडे राहायला आलेले त्र्यंबकराव. ते कराडच्या एका वाचनालयात चाळीस वर्षे पुस्तके सांभाळून, फाटलेली पुन्हा बांधून निवृत्त झालेले. शैलेंद्र माझ्या चाकांखाली वाकून पाहत होता तेव्हा त्र्यंबकराव आत आले. टेबलाचा खण त्यांनी उघडला, आत काही नाही हे पाहिले आणि आवाज न करता बंद केला. डोरोथीबाई दारात उभ्या होत्या. त्या काहीतरी म्हणाल्या. त्र्यंबकराव लाजून नुसते हसले. इंग्रजी पुस्तके त्यांनी शेकडो वाचली होती, पण बोलायची वेळ आली की त्यांना शब्द वेळेवर सापडत नसत.

नोव्हायला कांचनने, म्हणजे शैलेंद्रच्या बायकोने, मला पाहून कपाळाला हात लावला.

"यार कांचन, थोडं रिपेअर केलं की झालं. पुढच्या समरला आई-बाबांना पार लेक सुपीरियरपर्यंत नेऊ," शैलेंद्र म्हणाला.

"आधी ड्राइव्ह-वे ओलांडून दाखव," कांचन म्हणाली.

घर जुन्या वस्तीतले होते, अंगणात काय ठेवावे याचे नव्या वसाहतींसारखे नियम तिथे नव्हते, त्यामुळे अंगणाच्या कडेला मी उभा राहिलो तरी कुणी हरकत घेतली नाही. चाके, दिवे, पत्रा हे शैलेंद्रकडे. आतले लाकूडकाम त्र्यंबकरावांनी आपणहून मागून घेतले. पुस्तक उसवताना पाने क्रमाने बाजूला ठेवतात, तसे त्यांनी मला उसवले. प्रत्येक स्क्रू वेगळ्या पाकिटात, पाकिटावर नाव, वहीत त्याची नोंद.

"बाबा, आमच्या प्लँटमध्येसुद्धा इतकं डॉक्युमेंटेशन नसतं," शैलेंद्र म्हणे.

"अहो शैलेंद्रराव, मला दुसरं येतं काय?" त्र्यंबकराव म्हणत. हे ते विनयाने नव्हे, खरोखरच मानून म्हणत.

ऑगस्टअखेर छत गळायचे थांबले, नव्या बरगड्या बसल्या. कपाटे आतून डागाळली होती, म्हणून त्यांना कागद लावायचे ठरले. त्र्यंबकरावांनी कांचनच्या स्वयंपाकघरात मैद्याची खळ शिजवली. वाचनालयात ते खळीत चिमूटभर मोरचूद घालत. निळ्या रंगाचे ते विषारी खडे असले की किडे आणि उंदीर पुस्तकाला तोंड लावत नाहीत. इथे मोरचूद कुठे मिळणार? दुकानात विचारायचे तर इंग्रजीत विचारायला हवे. ते एकदा दुकानाच्या दारापर्यंत जाऊन परत आले आणि मोरचुदावाचूनच खळ केली.

उंच कपाटाच्या दाराला कागद लावताना त्यांना आत पेन्सिलीच्या पुसट रेघा दिसल्या. त्यांना वाटले, सुताराच्या खुणा असतील. वाचकांनी पुस्तकात ओढलेल्या रेघा पुसण्यात त्यांचा जन्म गेला होता. खोडरबर आजही त्यांच्या खिशात असे. त्यांनी ते काढले आणि खालून पुसायला सुरुवात केली. मला ओरडता आले असते तर!

तेवढ्यात त्यांच्या पत्नी वसुधाबाईंची हाक आली, "अहो, चहा थंड होतोय!" ते गेले, आले, आणि किती पुसले होते ते न पाहताच त्यांनी वर तपकिरी कागद चिकटवला.

आठ दिवसांनी पत्र आले. दुपारचे टपाल त्र्यंबकरावच आणत. पाकिटावर पत्ता शैलेंद्रच्या घरचा होता, नावाच्या जागी लिहिले होते 'खण हलकेच बंद करणाऱ्या गृहस्थांना'. त्र्यंबकरावांनी ते माझ्या बाकावर बसून ओठ हलवत वाचले.

'तुम्हाला सांगायचे राहून गेले,' डोरोथीबाईंनी लिहिले होते. 'कपाटाच्या दाराआड माझ्या डेलच्या उंचीच्या रेघा आहेत. त्याची नात एमा पुढच्या जूनअखेर पाच वर्षांची होईल. आजोबा माझ्याएवढे असताना केवढे होते, असे ती विचारते. १९५७ची रेघ जमिनीपासून किती उंच आहे ते मोजून कळवाल का? मला ठाऊक असायला हवे होते, पण मी कधी मोजली नाही. रेघ होतीच की तिथे.'

त्र्यंबकराव उठले. कपाटाचे दार उघडून कागदावर हात ठेवून उभे राहिले. ओल्या फडक्याने खळ सुटते हे त्यांच्याइतके कुणाला माहीत होते? पण कागदाखाली रेघ आहे की नाही, हे त्यांना माहीत नव्हते. कागद होता तोवर रेघ असण्याची शक्यता होती. त्यांनी दार लावून घेतले.

मग माझ्या टेबलावर उत्तराचे खर्डे सुरू झाले. 'आदरणीय बाईसाहेब' लिहायचे, खोडायचे, शब्दकोश उघडायचा, कागद फाडायचा. वसुधाबाई म्हणाल्या, "साहेबाला रजेचा अर्ज करताय का? एवढं काय लिहायचंय?" त्यांनी सांगितले नाही. ऑक्टोबरात सहा महिन्यांचा मुक्काम संपला आणि दोघे भारतात परतले. पत्र खणातच राहिले.

मिशिगनचा हिवाळा काय सांगू! छपरावर हातभर बर्फ. त्या थंडीत उंदीर आत शिरले. मैद्याची खळ, आणि तीही मोरचुदाशिवाय. त्यांना मेजवानीच मिळाली. गादी कुरतडून त्यांनी घरटी केली, बाकाखालची जमीन सडवली. सोबत होती एवढेच काय ते बरे.

एप्रिलमध्ये कांचनने दार उघडले आणि नाक दाबून लावूनही टाकले. मे महिन्यात त्र्यंबकराव आणि वसुधाबाई पुन्हा आले, तेव्हा शैलेंद्रने विमानतळावरून येतानाच सांगून टाकले.

काय ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. त्र्यंबकराव सगळ्यांच्या आधी उठून माझ्याकडे आले होते. मागून वसुधाबाई शाल घेऊन आल्या.

"शनिवारी ट्रक येतोय म्हणे. भंगारात नेणार," त्या म्हणाल्या. "नेऊ देत. किती घाण झालीय बघा. तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका."

त्र्यंबकरावांनी खण उघडला. पत्र शाबूत होते. त्यांनी ते वसुधाबाईंच्या हातात दिले आणि कागदाची, खोडरबराची सगळी हकिकत सांगितली. वसुधाबाईंनी पत्राची नीट घडी घातली. मग म्हणाल्या, "दार उघडा."

"तुम्हीच बघा. माझ्याच्यानं होत नाही."

त्यांनी कपाटाचे दार ओढले. मित्रांनो, उंदरांनी कागदामागची खळ कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चाटून पुसून खाल्ली होती. कागद नुसता वरच्या कडेला लोंबत होता. वसुधाबाईंनी तो दोन बोटांनी उचलला. त्र्यंबकराव पाठ फिरवून उभे होते.

"रेघा आहेत की हो! वरपर्यंत आहेत. अडुसष्ट... पासष्ट... साठ..." त्या वाकत वाकत खाली आल्या. "अठ्ठावन्न. सत्तावन्न."

"सत्तावन्न आहे? नीट बघा!"

"मला आकडे कळत नाहीत का? सत्तावन्न. त्याच्याखाली मात्र नुसती घासल्याची जागा आहे."

त्र्यंबकराव वळले, गुडघ्यांवर बसले. १९५७ची रेघ होती. १९५६ची, चौथ्या वर्षाची, गेली होती. चहाची हाक एका मिनिटाने उशिरा आली असती तर दोन्ही गेल्या असत्या. त्यांनी त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवले.

"ही माझ्या हातून गेली."

"मग तसं लिहा."

"तसं कसं लिहू? त्या माउलीला?"

"एवढी पुस्तकं वाचलीत. एक खरं वाक्य लिहिता येत नाही का?" असे म्हणून वसुधाबाईंनी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली.

न्याहारीला शैलेंद्रने ते पत्र उभ्याउभ्याच वाचले. कांचनने त्याच्या खांद्यावरून वाचले.

"बाबा, हे सप्टेंबरचं आहे. आणि तुम्ही एकटेच..." त्याने पत्र टेबलावर ठेवले. मग फोन उचलत म्हणाला, "शनिवारचं कॅन्सल करतो. पण ती उंदरांची मॅट्रेस तुम्ही उचलायची हं."

"उचलेन," त्र्यंबकराव म्हणाले, आणि उचललीही.

पुढचे सहा आठवडे मला पुन्हा उसवले, धुतले, उन्हात वाळवले. सडलेली जमीन काढून पार कपाटापर्यंत नवी फळी घातली. मोरचूद मिळाले, तेही शेजारच्याच हार्डवेअरच्या दुकानात. गटारात शिरलेली झाडांची मुळे मारायला लोक ते वापरतात. या वेळी त्र्यंबकराव स्वतः आत गेले आणि 'निळे खडे' एवढेच इंग्रजीत म्हणाले. दुकानदाराने लगेच डबा पुढे केला. ते इतके खूश झाले की घरी येऊन तीनदा सांगितले. खळीचा कागद बाकीच्या कपाटांना लागला. उंच कपाटाचे दार मात्र उघडेच ठेवले. त्यावर ब्रशसुद्धा फिरवू दिला नाही.

शेवटी उंची मोजायचा दिवस आला. त्र्यंबकरावांनी पुस्तकबांधणीची पांढरी फीत जमिनीपासून रेघेपर्यंत ताणून धरली आणि कात्री घेतली.

"बाबा, एक मिनिट," शैलेंद्र म्हणाला. "नवी फळी जुनीपेक्षा पाव इंच जाड आहे. जमीन वर आलीय. पाव इंच मिळवा, नाहीतर आपण डेलला बुटका करू."

त्र्यंबकरावांनी त्याच्याकडे असे पाहिले की मला वाटले, या दोघांची खरी ओळख आता झाली. फीत पाव इंच जास्त ठेवून कापली. बेचाळीस इंच आणि वर थोडी.

त्या दिवशी खर्डा एकच झाला. मी तो शब्दन् शब्द पाहिला. 'आदरणीय डोरोथीबाई, उशीर झाला, दोष माझा आहे. १९५७चा तुमचा डेल या फितीएवढा होता. ही एमाशेजारी धरावी. १९५६ची रेघ मी सुताराची खूण समजून पुसली. ती परत आणता येत नाही. तुमची हरकत नसेल तर वाढदिवसाला आम्ही दारच घेऊन येतो, ट्रेलरसकट. मोकळ्या जागेच्या वर एमाची रेघ तुमच्या हाताने काढावी.'

मित्रांनो, मी जुना आहे, जास्त काही मागत नाही. एखादी वस्तू घासूनपुसून नवी करायला घ्याल, तेव्हा आधी तिची दारे उघडून आत पाहा. तिथे कुणी काही ठेवून गेले असेल. आणि हातून काही पुसले गेलेच, तर ज्याचे होते त्याला सांगा. त्या सांगण्याची वाट पाहत एक पत्र माझ्या खणात आठ महिने पडून होते, आणि सगळ्या पावसापाण्यापेक्षा मला त्याचेच ओझे जास्त झाले होते.

इथे घरोघरी रस्त्याच्या कडेला खांबावर टपालपेटी असते. पाठवायचे पत्र आत ठेवून पेटीचा लाल झेंडा वर केला की टपालवाली ते घेऊन जाते. त्र्यंबकरावांचा या झेंड्यावर कधी विश्वास बसला नव्हता. त्यांनी पत्र ठेवले, झेंडा वर केला, चार पावले आले, पुन्हा मागे गेले, पत्र काढून तिकीट दाबून पाहिले, परत ठेवले.

"अहो, राहू द्या ते आता!" खिडकीतून वसुधाबाई ओरडल्या.

ते माझ्या पायरीवर येऊन बसले. थोड्या वेळाने टपालाची पांढरी गाडी वळणावरून आली, पेटीपाशी थांबली आणि पुढे गेली. लाल झेंडा खाली आला होता.