घाबरला नाहीत ना?

पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत, बंद पडलेलं झेरॉक्स मशीन आणि मोडक्या खुर्च्यांचा ढिगारा यांच्यामध्ये एक कारकून बसायचा. कुठला गुन्हा कशात मोडतो हे ठरवणं त्याचं काम. पुढच्या टेबलापाशी लोक रडत, ओरडत, एकमेकांची अक्कल काढत. ते सगळं कागदावर उतरून मागे आलं की हा शिक्का मारणार: चोरी, घरफोडी, मारहाण. अंगणातली सायकल नेली तर चोरी. कुलूप तोडून खोलीतली नेली तर घरफोडी. आणि नुसता पडदा लावलेल्या ओसरीतली नेली, तर हा जेवायचं विसरून विचार करत बसायचा. शिपायांनी त्याचं नाव रकानेबुवा ठेवलं होतं. घरी बायकोही चिडली की तेच वापरायची.

आता जबरी चोरीची गंमत ऐका. माणसाला धाक दाखवून वस्तू नेली की ती जबरी चोरी. जबरी चोऱ्या वाढल्या की ठाण्याच्या साहेबांना वरून बोलावणं यायचं आणि साहेब कान लाल करून परत यायचे. साध्या चोऱ्यांचं वर कुणाला सोयरसुतक नव्हतं. तेव्हा साहेबांनी एक शोध लावला होता, आणि त्यात चोर पकडायची काही गरजच नव्हती. तक्रार द्यायला कुणी आलं, की साहेब स्वतः खुर्ची पुढे सरकवायचे, चहा मागवायचे आणि कौतुकाने विचारायचे, "चाकू दाखवला? बाप रे! पण तुम्ही घाबरला नाहीत ना?"

चारचौघांत असं विचारल्यावर कोण हो म्हणणार? ज्याची पाचावर धारण बसली होती तोही छाती काढून म्हणायचा, "छे! मी कसला घाबरतोय!"

"शाब्बास!" साहेब म्हणायचे. घाबरला नाही म्हणजे धाक बसला नाही, आणि धाक नाही तर जबरी कसली? लिहा, साधी चोरी.

रात्रीची गस्त मात्र जबरी चोऱ्यांचा आकडा बघून ठरायची. त्यामुळे पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत हिवाळ्यापासून चाकूच्या धाकाने पिशव्या जात होत्या आणि तिकडे शिपाई सोडा, शिपायाची शिट्टीही फिरकत नव्हती. कागदावर ती गल्ली शूरवीरांची होती. रकानेबुवाला हे कळत नव्हतं असं नाही. जबाबात जे नाही ते मी रकान्यात कुठून आणू, असं म्हणून तो स्वतःची समजूत घालायचा आणि डबा उघडायचा.

मग एके दिवशी त्याच गल्लीत राहणारी त्याची सख्खी मावशी ठाण्यात आली. हातात पिशवी नव्हती, कारण तीच गेली होती. सोबत तिचा मुलगा, मोटारीची किल्ली बोटावर फिरवत.

"आजी, घाबरला नाहीत ना?" साहेबांनी विचारलं.

"आजी कुणाला म्हणता? आणि मी घाबरू? त्या मेल्यालाच घाम फुटला होता. छत्री उगारली मी त्याच्यावर."

सगळं ठाणं हसलं. साहेबांनी टाळी वाजवली. रकानेबुवाने साधी चोरी लिहिली आणि त्यालाही मावशीचा अभिमान वाटला.

अभिमान दोन-चार दिवस टिकला. तो तिच्याकडे गेला तेव्हा भर दुपारी दार बंद होतं. "कोण?" तिने आतून विचारलं, आणि त्याने सांगितल्यावरही परत विचारलं. मग जड काहीतरी फरफटल्याचा आवाज आला. जेवायचं टेबल तिने दाराला लावून ठेवलं होतं. तो आत आल्यावर तिने ते परत ढकलून दाराला लावलं आणि मगच चहा टाकला.

"मावशी, तू चांगलीच घाबरलीयस."

"हळू बोल. माझ्या लेकाला कळलं तर तो मला उचलून नेईल."

लेकाने घरी खोली तयार ठेवली होती. कपाटासकट. तिथे सून ठरवणार टीव्ही किती वाजता बंद करायचा, नातू सांगणार आजी तू इथे बसू नकोस, आणि चहात साखर घालायची तरी चौघांची परवानगी. काका गेल्यापासून मावशी या दोन खोल्यांत एकटी आणि मजेत राहत होती. मन मानेल तेव्हा जेवायची, मन मानेल तेव्हा झोपायची.

"पण एक तरी जबरी चोरी नोंदली गेली तर गस्त येईल गं."

"मग दुसऱ्या कुणाची लिही."

"तुमच्या गल्लीत दुसरं कुणी घाबरतच नाही!"

मावशीने यावर बिस्किटांचा डबा पुढे केला. म्हणजे विषय संपला.

पुढच्याच आठवड्यात चोराने तिच्या शेजारच्या शिवणकामवालीला गाठलं. गिऱ्हाइकांचे शिवलेले कपडे घेऊन ती परतत होती; गठ्ठा गेला, आणि चाकू गळ्याला लावला होता. ती ठाण्यात आली तेव्हा मावशी सोबत होती आणि मावशीच्या मुलाने दोघींना मोटारीतून आणलं होतं. शिवणकामवालीला धड बोलताही येत नव्हतं. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. रकानेबुवा कागद घेऊन जवळच उभा होता.

साहेबांनी खुर्ची सरकवली. "घाबरला नाहीत ना?"

तिने मावशीकडे बघितलं. नाक पुसलं, मान ताठ केली. "नाही. ह्या नव्हत्या घाबरल्या. मग मी कशी घाबरेन?"

"शाब्बास!" साहेब म्हणाले. "लिहा हो, साधी..."

"थांब रे," मावशी म्हणाली.

तिचा हात शिवणकामवालीच्या पाठीवरच थांबला होता. छत्रीची गोष्ट तिने गल्लीभर सांगितली होती, तिखटमीठ लावून, आणि ऐकणाऱ्यांत ही सगळ्यात पुढे होती. रकानेबुवाला मावशीचा चेहरा उतरलेला दिसला आणि त्याला तिची फार दया आली.

"छत्री-बित्री काही नव्हती," मावशी म्हणाली. "माझी बोबडी वळली होती. पिशवी मीच त्याच्या हातात दिली. वर त्याला दादा म्हणाले. आणि कपडे ओले झाले माझे, तिथेच, रस्त्यात. लिही हे सगळं. आणि ही तर बघ अजून कापतेय. हिचंही जबरी लिही."

साहेब म्हणाले, "अहो आजी, तुमचा जबाब होऊन गेलाय."

"मग परत घ्या. चहा नको."

शिवणकामवाली आता मोकळेपणाने रडायला लागली. साहेबांनी रकानेबुवाकडे डोळे वटारून बघितलं. एरवी त्या नजरेने त्याची भंबेरी उडायची. या वेळी त्याने नवा कागद काढला.

मुलाने किल्ली खिशात टाकली. "आई, बस झालं आता. इतकी घाबरतेस आणि मला सांगत नाहीस? आजच सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं."

"नाही यायची."

"भीती वाटते ना तुला तिथे?"

"वाटते. रोज वाटते. पण भीती वाटते म्हणून घर सोडायचं असतं, तर तुझ्या बापाचं घर मी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सोडलं असतं."

मुलाला याचं नवल वाटलेलं दिसलं नाही. रकानेबुवा मात्र गार झाला. त्या काकांना सगळं घराणं देवमाणूस म्हणायचं. तोही म्हणायचा. त्यांच्या मांडीवर बसून त्याने गोळ्या खाल्ल्या होत्या, आणि मावशी तेव्हा समोर उभी असायची, हसत.

त्याने पेन खाली ठेवलं, परत उचललं. मग हलक्या आवाजात विचारलं, "मावशी, ते... काकांचंही लिहू?"

"तो गेला रे आता," मावशी म्हणाली. "आधी हिचं लिही."