पाठ दिली

निवृत्तीनंतर मी आमच्या घराण्याची वंशावळ लिहायला घेतली. बाबांच्या मते ही नसती उठाठेव होती. नुसत्या नावांत मला गोडी नव्हती; कोण कसं गेलं तेही मी विचारायचे, त्यामुळे माझा फोन आला की नातेवाईक बिचकायचे. आमची माणसं मरतातही साधीसुधी, असं एकंदर दिसत होतं. एक चुलत आजोबा तापानं, एक आत्या बाळंतपणात, एक काका जेवून हात धुता धुता. पिढीजात शिंपी आम्ही. जगणं मापात, मरणही मापात.

अडलं ते पणजोबांपाशी. बाबा आपल्या या आजोबांना कधी आजोबा म्हणत नसत. 'तो माणूस' म्हणत.

शिवणकामात भागेना म्हणून तो माणूस डोंगरातल्या रेल्वेच्या बोगद्यावर कामाला गेला होता. बोगदा ढासळला. मग कामावरचे दोघे जण पणजीच्या दारात आले, मान खाली घालून उभे राहिले आणि म्हणाले, "तुमच्या यजमानांनी पाठ दिली." पाणीसुद्धा न घेता निघून गेले. पणजीनं जो अर्थ काढला तो कोणीही काढला असता: ऐन संकटात सोबत्यांना पाठ दाखवून नवरा पळाला. प्रेत मिळालं नव्हतं, आणि ठेकेदारानंही 'काम सोडून गेला' म्हणून हात झटकले. येईल तोंड घेऊन तेव्हा दार उघडणार नाही, असं पणजी म्हणायची. रस्त्यावर पावलं वाजली की खिडकीशी सगळ्यांत आधी जायची तीही तीच.

बाबा तिच्या हाताखाली वाढले. शाळेत त्यांना 'पळपुट्याचा नातू' म्हणत. त्याचा परिणाम असा झाला, की बाबांनी आयुष्यात काही म्हणून सोडलं नाही. भागीदारानं फसवलं तरी दुकान सोडलं नाही, भोवळ आली तरी बिलाची रांग सोडली नाही. आईशी भांडण झालं तर खोलीतून उठून जात नसत. आई म्हणायची, "एकदा तरी जा हो बाहेर, मला श्वास घेऊ दे."

आता डॉक्टरांनी त्यांचं हृदय थकलंय म्हणून सांगितलं होतं. बाबांना त्याचं काही नव्हतं. ते मला एवढंच म्हणाले, की त्या माणसाची चौकट रिकामी ठेव, मी गेल्यावर काय लिहायचं ते लिही. हे ऐकून मला रडू आलं आणि रागही आला. ऐंशी उलटलेला माणूस शाळेतली शिवी उराशी धरून मरणार, हे मला चालण्यासारखं नव्हतं. तो माणूस पळालाच असेल तर कुठे पळाला आणि कसा मेला, ते तरी कळू दे.

मी त्यांचीच मुलगी, मीही सोडलं नाही. बंद पडलेल्या त्या बोगद्याजवळच्या वस्तीत फोन करत करत एका म्हाताऱ्या बाईंपर्यंत पोचले. त्यांचे वडील त्याच कामावर होते. सगळे त्यांना मावशी म्हणत. मी कोणाची कोण ते सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे ज्यांनी पाठ दिली, त्यांची पणती?"

माझं डोकंच फिरलं. इतक्या वर्षांनी जखमेवर मीठ कशाला चोळता, असं मी ताडकन विचारलं. त्यांना माझा राग कळलाच नाही. घरात जे कोणी असेल त्याला घेऊन या, एवढंच म्हणाल्या. चांगलं खडसावून यायचं म्हणून मी निघाले, तर बाबाही चपला घालून तयार. ऐकून घ्यायचं तर समोर बसून ऐकून घेऊ, म्हणाले.

मावशींच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यावर, दारांत, खिडकीच्या कठड्यावर माणसंच माणसं. बाबा आत आले आणि सगळी खोली उठून उभी राहिली. बाबांनी माझं कोपर घट्ट धरलं. आपल्याला घेरलंय असंच त्यांना वाटलं असणार. मला तर तसंच वाटलं. पण मावशींनी त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर स्टुलावर बसल्या.

मग त्यांनी सांगितलं. बोगद्यात छताला आडव्या तुळया असत आणि तुळयांना खांब. खांब मोडला तर नवा ठोकेपर्यंत कोणीतरी तुळईखाली वाकून पाठीवर भार घ्यायचा. याला ते लोक पाठ देणं म्हणत. काम चालू असेपर्यंत मरणाचा शब्द उच्चारायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. म्हणून तसा गेलेल्या माणसाबद्दल तेवढंच बोलत, आणि मान खाली घालत. त्यापेक्षा मोठा शब्द त्यांच्याकडे नव्हता.

"नवा खांब आलाच नाही," मावशी म्हणाल्या. "एकेक जण त्यांच्या पायांजवळून सरपटत बाहेर पडला. माझे वडील शेवटचे. ते म्हणाले, आता तू ये. तर तुमचे आजोबा म्हणाले, मी हललो तर दोघंही जाऊ. तू नीघ."

बाबांनी विचारलं, "अंगानं दणकट होते का?"

"छे हो. काडी नुसती. सगळे त्यांना सुई म्हणायचे."

मी त्या खोलीकडे बघत राहिले. जांभया देणारं एक बाळ, टक्कल पडलेले एक गृहस्थ, नखं कुरतडणारी एक मुलगी, त्यांच्यामागे आणखी किती तरी. ही सगळी त्या शेवटच्या माणसाची, मावशींच्या वडिलांची. आधी बाहेर पडलेल्यांची तर आणखी कुठे कुठे असतील. कापड बेतणाऱ्या एका किरकोळ माणसाच्या पाठीखालून हे सगळं गाव बाहेर आलं होतं, आणि तो आमचा होता. एवढं मोठं काही आपल्या घरात घडलं असेल हे माझ्या डोक्यात मावेना. मला उठून कोणाच्या तरी पाया पडावंसं वाटत होतं, पण कोणाच्या ते सुचेना.

बाबा रडत नव्हते. एकेका चेहऱ्याकडे सावकाश बघत होते, माप घेताना बघत तसे. सगळ्यांना बघून झाल्यावर मावशींकडे वळले.

"आजी शेवटपर्यंत त्यांच्यावर रागावलेली होती," ते म्हणाले. "आता हे तिला कोण सांगणार?"

मावशी उठल्या, खुर्चीच्या मागे गेल्या आणि बाबांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.