मर्लचं दार

आमच्या कार्यक्रमाचं नाव 'कुणाचं काय जातं?' रोज दुपारी तीन ते सहा. न्यू हॅम्पशायरमधल्या वेदरबी गावात बुटांचा एक कारखाना कधीचा बंद पडलाय, त्याच्या दुसऱ्या मजल्यावर आमचा स्टुडिओ. माइकसमोर रॉइस हॅलम आणि मी, लॉरेट पिनार्ड. रॉइस मूळचा ॲरिझोनाचा. सरकार जितकं लांब तितका माणूस सुखी, एवढ्या एका विश्वासावर त्याने नोकरी सोडली आणि त्याच्यासारख्याच शेकडो लोकांबरोबर आमच्या या थंडगार राज्यात येऊन राहिला. मी इथलीच. माझे आजी-आजोबा क्वेबेकहून याच कारखान्यात बूट शिवायला आले होते. कुणी काय करायचं ते सांगितलेलं मला लहानपणापासून खपत नाही, म्हणून आमच्या दोघांचं जमलं.

कार्यक्रमाचा नियम एकच होता. जो फोन करील तो थेट हवेत. आधी नाव विचारायचं नाही, विषय विचारायचा नाही, कुणाला मधेच तोडायचं नाही. नऊ वर्षांत आमच्याकडे दारुडे आले, पाद्री आले, कर म्हणजे दरोडा म्हणणारे आले. एक निवृत्त शिक्षिका तर केवळ रॉइसला गाढव म्हणायला दर सोमवारी फोन करायची. तिलाही रॉइसने शेवटपर्यंत बोलू दिलं.

मर्ल डसो गुरुवारचा. एकोणसत्तर वर्षांचा, एकटा, बेअर हिलवर राहणारा. चार-पाच मिनिटं बोलायचा, ते बहुतेक मधमाश्यांबद्दल नाहीतर विहिरीबद्दल. घर त्याने स्वतः बांधलेलं, एकेक ओंडका स्वतः कापून. परवाना काढला नव्हता. चौदा वर्षं कुणी विचारलं नाही. मग गावाचा नवा इमारत निरीक्षक टेकडीवर चढला आणि म्हणाला, सांडपाण्याची टाकी नाही, धुराडं धोक्याचं, घर राहण्यालायक नाही. नोटिसा आल्या. प्रत्येक नोटीस मर्लने आम्हाला हवेत वाचून दाखवली, आणि रॉइसने त्याचा पक्ष घेतला. खूप जोरात घेतला. "स्वतःच्या हाताने बांधलेल्या घराचं दार न उघडणारा माणूस कुणाचाही गुन्हेगार नसतो," असं तो डिसेंबरमध्ये म्हणाला होता. ऐकणाऱ्यांना ते इतकं आवडलं, की एकाने छापून मोटारीच्या मागे लावलं.

जानेवारीतला तो गुरुवार. चार वाजले होते आणि बाहेर बर्फ भुरभुरत होता. फोनची पहिली लाइन पेटली, मी घेतली.

"लॉरेट, मर्ल बोलतोय." आवाज इतका हलका, की मी माझ्या हेडफोनचा आवाज वाढवला. "माझ्या अंगणात दोन गाड्या उभ्या आहेत."

"कुणाच्या?"

"शेरीफच्या. दुपारी बारापर्यंत बाहेर पडा म्हणून सांगितलं होतं. मी पडलो नाही. आता ते थांबलेत."

रॉइस पुढे सरकला. त्याचे डोळे चमकले, ते मला दिसलं. "मर्ल, अख्खं राज्य ऐकतंय. तू घरात आहेस, शांत आहेस. तू काहीही चुकीचं केलेलं नाहीस."

"हो, तू सांगितलंयस ते," मर्ल म्हणाला. "मी दार उघडणार नाही. बाबांची हरणाची रायफल घेऊन बसलोय. मांडीवर आहे."

रॉइसचा हात माइकवर तसाच राहिला. मी त्याच्याकडे पाहिलं.

"भरलेली आहे का?" मी विचारलं.

"न भरलेली घेऊन कोण बसतं, पोरी?"

समोरच्या पडद्यावर बाकीच्या लाइनी एकदम पेटल्या. दुसरी, तिसरी, सहाच्या सहा. रॉइस म्हणाला, "मर्ल, जरा थांब, लोकांना तुझ्याशी बोलायचंय," आणि त्याने मर्लला होल्डवर टाकलं. का टाकलं ते मला तेव्हाच कळलं. त्याला वेळ हवा होता. पण मर्लच्या स्वयंपाकघरात आमचाच रेडिओ लावलेला होता. फोनवरून तो बारीक ऐकू येत होता. लोक जे बोलतील ते सगळं तो ऐकणार होता.

पहिली एक बाई, मेन राज्यातून. "मर्ल, आम्ही सगळे तुझ्यासाठी प्रार्थना करतोय. हलू नकोस हं जागचा. कुणीतरी एकाने ठाम राहायलाच हवं."

कुणीतरी एकाने. बाई स्वतः मेनमध्ये बसून बोलत होती.

दुसरा पुरुष होता. अगदी शांत आवाज, एखादा खुर्चीचा पाय कसा बसवावा ते सांगावं तसा. "मर्ल, दिवा घालव. खिडकीपासून लांब, पण समोर उभा राहा. तुला ते दिसतील, त्यांना तू दिसणार नाहीस. पायरीवर जो पहिला पाय ठेवील त्याच्या..."

आमचा कार्यक्रम आठ सेकंद उशिराने हवेत जातो. कुणी शिवी दिली तर स्टेशनचा परवाना जाऊ नये म्हणून एक लाल बटण असतं. दाबलं की शेवटची आठ सेकंदं पुसली जातात. रॉइसला त्या बटणाचा राग होता. ते आपण कधी दाबलं नाही, हे तो पाहुण्यांना अभिमानाने सांगायचा.

मी ते दाबलं. आणि त्या माणसाची लाइन तोडली.

"लॉरेट," रॉइस म्हणाला.

"गप्प बस."

आठ सेकंदं पुसली गेली खरी, पण त्याआधीचं? 'दिवा घालव' मर्लला ऐकू गेलं असेल का? मला हिशोब लागेना. हवेत आमची ठरलेली धून वाजत होती, बँजोची, आणि ती मला कधी नव्हे इतकी ओंगळ वाटली.

चौथ्या लाइनवर मघापासून एकच नंबर थांबून होता. मी ती हवेत न टाकता नुसती कानाला लावली.

"पाच मिनिटं रांगेत उभी आहे मी," एक बाई म्हणाली. वाऱ्यामुळे आवाज तुटत होता. "डेप्युटी ऑर्डवे, शेरीफकडची. मर्ल डसोच्या लाकडांच्या ढिगाआड उभी आहे. त्याचा फोन तुमच्याकडे अडकलाय, मला त्याच्याशी बोलता येत नाहीये. ठेवा तो फोन."

मी रॉइसला ऐकवलं. तो कुजबुजला, "ठेवला तर तो एकटा पडेल. मग त्याच्याजवळ ती रायफलच उरेल."

ते मलाही पटलं. मी ऑर्डवेला तसं सांगितलं.

"बरं. मग एवढं तरी सांगा त्याला. तो स्वतः बाहेर येत नाही तोवर आमच्यातलं कुणी पायरी चढणार नाही."

"शब्द देता?"

"माझ्यापुरता देते. इथे मी आणि एक जण आहे. अर्ध्या तासात दुसरे येतायत, मोठ्या गाडीतून, हत्यारं-सामानासकट. ते आल्यावर माझ्या हातात काही राहत नाही. बाई, माझ्याबरोबरचा पोरगा पंचविशीचा आहे आणि मघापासून घाबरलाय. मला ते आवडत नाहीये."

मी बाकीच्या सगळ्या लाइनी तोडल्या. एकामागून एक दिवे विझवत गेले. मग मर्लला परत घेतलं.

"आहात ना?"

"आहे. काय झालं? गाणं का लागलं होतं? एक जण काहीतरी सांगत होता."

"काय ऐकलंत तुम्ही?"

"दिवा घालव म्हणाला. घालवला मी."

मी त्याला ऑर्डवेचा निरोप सांगितला, शब्दन्‌शब्द. तो हसला नाही, चिडलाही नाही. "ऑर्डवे बाई बरी आहे," एवढंच म्हणाला. "मागे माझा बैल रस्त्यावर गेला तेव्हा तिनेच आणून दिला."

"मग तिच्याशी बोलता का? मी जोडून देते."

"मला तुमच्याशीच बोलायचंय."

आणि तेवढ्यात धाडकन आवाज आला. आधी फोनमधून, मग आठ सेकंदांनी मर्लच्या रेडिओतून तोच आवाज पुन्हा. लांब कुणीतरी ओरडलं. रॉइस खुर्चीतून उठून उभा राहिला, त्याची कॉफी कागदांवर सांडली.

"मर्ल," मी म्हणाले. "मर्ल, बोला."

काही नाही. कुणाचा तरी श्वास. मी डोळे मिटले. त्या वेळी मला कोणतंही तत्त्व आठवलं नाही. फक्त आत्तापर्यंत मीच किती वेळा हसत हसत म्हटलंय ते आठवत राहिलं, येऊ देत त्यांना, बघू की.

"छप्पर," मर्ल म्हणाला. "छपरावरचा बर्फ घसरला. पत्र्याचं आहे ना." त्याचा आवाज आता कापत होता. "तो पोरगा पिस्तूल काढून उभा आहे, लॉरेट. माझ्या दाराकडे रोखलंय. ती त्याला काहीतरी सांगतेय. मी पण उचललीय रायफल. कशी उचलली कळलंच नाही."

"खाली ठेवा ती."

"रॉइसला विचार."

"काय विचारू?"

"तो इथे असता तर त्याने काय केलं असतं?"

रॉइस अजून उभाच होता. तोंडासमोर माइक नव्हता. तो वाकला, दोन्ही हात टेबलावर टेकले. तो आता काय बोलेल याची मला मर्लइतकीच भीती वाटत होती. ऐकणारे हजारो होते, पण त्यांचं सोडा. त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात बसलेला एक माणूस हा जे सांगेल ते करणार होता.

"मर्ल," रॉइस म्हणाला, "मी गावात भाड्याच्या खोलीत राहतो. त्या इमारतीचा परवाना खाली जिन्यापाशी काचेत लावलेला आहे. रोज त्याच्यासमोरून जातो मी. माझ्या दाराबाहेर कुणी बंदूक घेऊन कधी उभं राहिलेलं नाही." त्याने माइक जवळ ओढला. "मी तिथे असतो तर फार घाबरलो असतो. आणि बाहेर आलो असतो. हात वर करून, लगेच."

"पण तू म्हणाला होतास..."

"म्हणालो होतो. इथे गरम खोलीत बसून म्हणालो होतो. घर तुझंच आहे, त्यांचं चुकतंयच. ते मी उद्याही म्हणेन. पण त्यासाठी तू मरावंस असं मला वाटत नाही. त्या पोरानेही मरू नये."

ऑर्डवेची लाइन मी तोडली नव्हती. मी तिला सांगितलं, पिस्तूल आत ठेवायला लावा त्याला. ती म्हणाली, ठेवलंय. मी मर्लला सांगितलं. त्याने खिडकीतून पाहिलं असावं.

मग आम्ही ऐकत राहिलो. रायफल रिकामी करायला बोल्ट मागे ओढल्याचा आवाज, टेबलावर गोळी घरंगळली. फोन लाकडावर ठेवला गेला. बूट, हळूहळू लांब जाणारे. दाराची कडी. मग वारा आत शिरला आणि त्याच्या घोंघावण्याखाली बाकीचं सगळं बुडालं.

रॉइसने माझं मनगट धरलं होतं. नंतर तिथे काळंनिळं पडलं, पण तेव्हा कळलं नाही. दोन मिनिटं, तीन मिनिटं. रेडिओवर शांतता म्हणजे गुन्हा मानतात, आणि त्या दिवशी आमच्या सगळ्या श्रोत्यांनी एका म्हाताऱ्याच्या रिकाम्या घरातला वारा ऐकला. मी गोळीच्या आवाजाची वाट पाहत होते. खोटं कशाला बोलू, मला खात्रीच होती की तो येणार.

फोन कुणीतरी उचलला. ऑर्डवे होती. "गाडीत बसलाय तो. ठीक आहे. हात गार पडलेत फक्त." आणि तिने फोन ठेवला.

आम्ही कार्यक्रम पाच वाजताच बंद केला.

पुढे जे व्हायचं ते झालं. कोर्टाने मर्लला दोन महिने प्रोबेशनवर, देखरेखीखाली ठेवलं, तुरुंग नाही. मार्चमध्ये त्याचं घर पाडलं. आम्हाला पत्रं आली, रॉइसला गद्दार म्हणणारी. त्यातल्या एकात माझ्या घराचा रस्ता आणि माझ्या गाडीचा रंग लिहिलेला होता. ते पत्र आल्यापासून मी गाडी कारखान्याच्या मागच्या बाजूला लावते. शांत आवाजाचा तो माणूस कोण ते कधी कळलं नाही. नवा आवाज फोनवर आला की अजूनही मी आधी तोच आहे का ते ऐकते.

रॉइसने कार्यक्रम सोडला नाही. मत बदललं नाही, उलट निरीक्षकांवर तो पूर्वीपेक्षा जास्त तुटून पडतो. पण आता प्रत्येकाला आधी विचारतो, "कुठून बोलतोयस? जवळ कोण आहे तुझ्या?" जुने श्रोते टिंगल करतात, म्हणतात पोलिसासारखा विचारतोस. तो विचारायचं थांबवत नाही.

मे महिन्यात मी मर्लला भेटायला गेले. तो उत्तरेकडे बहिणीकडे राहतो, गिरणीच्या गावात, वरच्या मजल्यावर. बहिणीने मांसाचं सारण भरून भाजलेली पाई वाढली, माझ्या आजीच्या हातची असायची तशीच, लवंग घातलेली. मर्ल बारीक झाला होता. मधमाश्यांची पेटी नाही, विहीर नाही, हात कुठे ठेवावे ते त्याला कळत नव्हतं.

मी म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही फार घाबरला असाल."

"त्यांना नाही," तो म्हणाला. "ऑर्डवेला कशाला घाबरू? मला तुमची भीती वाटत होती. तुम्ही रेडिओवर काय सांगाल आणि मला काय करावं लागेल, याची."

बहिणीने त्याच्या ताटात आणखी वाढलं. तो खात राहिला. मी निघताना त्याने जिन्यापर्यंत येऊन रस्ता नीट सांगितला, पुढे फाट्यावर डावीकडे वळ, उजवीकडचा पूल दुरुस्तीला काढलाय. परत येताना दोन तास मी गाडीतला रेडिओ लावला नाही.

मर्ल काय म्हणाला ते मी रॉइसला दुसऱ्या दिवशी सांगितलं, तीनला पाच कमी असताना. त्याने कानावर हेडफोन चढवले आणि तीन वाजले तशी पहिली लाइन घेतली.